कल्पना आधी, धातू मागाहून



या वेळचा विषय पाहून आमच्या नात्यातले बरेच जण चकित होतील. इतिहास आणि मराठी शिकवण्यात हयात गेलेला, मराठी माध्यमातून बी. ए. झालेला म्हातारा इंजिनावर लिहायला बसलाय! पण याला कारण आमचा नातू. तो मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे आणि त्याच्या मित्रमंडळींत सध्या एकच चर्चा चालते. डिझेल ट्रकवरचा, आपला आकार बदलणारा टर्बोचार्जर माझदाच्या रोटरी इंजिनाला बसवला तर काय होईल? परदेशातले काही हौशी लोक असले उद्योग करतात म्हणे. मला त्यातलं ओ की ठो कळेना. मग मी माझ्या सवयीचा प्रश्न विचारला, "अरे, पण या दोन वस्तू आल्या कुठून?" त्यावर चिरंजीव गप्प. मग मीच शोधायला लागलो आणि दोन महिने त्यातच रमलो.

शोधता शोधता लक्षात आलं की हा प्रश्न वरवर यंत्राचा वाटला तरी आतून इतिहासाचाच आहे. कोणी शोध लावला आणि कधी लावला, या दोन ओळी पाठ्यपुस्तकात असतात. त्या दोन ओळींच्या मधे जे दडलेलं असतं, त्याबद्दल हा लेख आहे. यंत्राची आवड नसलेल्यांनी घाबरू नये, मी सगळं माझ्या कुवतीनुसार, म्हणजे सोपं करूनच सांगणार आहे.

आधी रोटरी इंजिन म्हणजे काय ते पाहू. आपल्या नेहमीच्या गाडीच्या इंजिनात पिस्टन असतो. तो नळकांड्यात वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. या वर-खाली होण्याचं पुढे गोल फिरण्यात रूपांतर करावं लागतं. ज्यांनी विहिरीवरची मोट पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. बैल उताराने पुढे जातात, थांबतात, मागे येतात, पुन्हा पुढे. उलट तेलाच्या घाण्याचा बैल कसा, आपला गोल गोल फिरत राहतो. त्याला थांबणं नाही की मागे येणं नाही. पिस्टनचं इंजिन म्हणजे मोट आणि रोटरी इंजिन म्हणजे घाणा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

या घाण्यात एक पोकळ घर असतं, मधे किंचित आवळलेल्या लंबगोलासारखं. त्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. समोसा म्हणा हवं तर. त्याची तिन्ही टोकं फिरताना घराच्या भिंतीला सतत टेकून असतात. त्यामुळे समोसा आणि भिंत यांच्यामधे तीन कप्पे होतात आणि फिरता फिरता ते लहानमोठे होत राहतात. एका जागी हवा आणि पेट्रोल आत येतं, पुढे ते दाबलं जातं, त्यापुढे ठिणगी पडते आणि शेवटी धूर बाहेर जातो. झडपा नाहीत, खडखडाट नाही, हलणारे भाग मोजकेच. कागदावर इतकं सुंदर दिसतं की पाहणाऱ्याला वाटावं, हे आधी का नाही कुणाला सुचलं?

पण यात दोन खोडी आहेत, आणि पुढची सगळी कथा त्या दोन खोडींची आहे. पहिली खोड अशी की समोशाच्या तिन्ही टोकांना बारीक पट्ट्या बसवाव्या लागतात. त्यांना एपेक्स सील म्हणतात. त्या पट्ट्या भिंतीवर सतत घासतात. त्या झिजल्या किंवा तुटल्या की एका कप्प्यातला वायू दुसऱ्यात शिरतो आणि इंजिन संपतं. दुसरी खोड, जळण्याची जागा लांबट, चपटी आणि सरकती असते. आग तिच्यात नीट पसरेपर्यंत कप्पा पुढे निघून गेलेला असतो. मग बरीचशी उष्णता कामी न येता धुराबरोबर बाहेर पडते. रोटरीचा धूर नेहमीच्या पेट्रोल इंजिनापेक्षाही तापलेला असतो.

ही कल्पना फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाची. जन्म १९०२, जर्मनीतल्या बाडेन प्रांतातल्या लार गावी. वडील जंगल खात्यात होते, ते १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच मारले गेले. घरची परिस्थिती बेताची झाली आणि पोराचं विद्यापीठात जाणं राहून गेलं. हायडेलबर्गला तो एका प्रकाशन संस्थेत नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात यंत्रांमागे असायचा. १९२९ मध्ये त्याने फिरत्या इंजिनाचं पहिलं पेटंट घेतलं. डोळे इतके अधू की त्याने आयुष्यात कधी गाडी चालवण्याचा परवाना काढला नाही. गाडीच्या इंजिनाचा हा शोधकर्ता कायम दुसऱ्याच्या शेजारी बसून फिरला!

इथपर्यंत वाचून कुणालाही त्याचं कौतुक वाटेल. पण इतिहासाच्या मास्तराला पुढचं पान लपवता येत नाही. वांकेल अगदी तरुणपणीच नाझी पक्षात शिरला होता. पुढे प्रांतातल्या पुढाऱ्यांशी भांडण होऊन बाहेर पडला, १९३३ मध्ये काही महिने तुरुंगातही होता. नंतर वरच्या वर्तुळातल्या ओळखींनी सुटला, सरकारी मदतीने विमानांच्या इंजिनांवर काम करत राहिला आणि १९४० मध्ये एसएसमध्ये अधिकारपदावर गेला. १९४२ मध्ये त्याला तिथूनही काढलं. युद्ध संपल्यावर फ्रेंचांनी त्याची प्रयोगशाळा मोडली आणि त्याला कैदेत टाकलं. बुद्धिमान माणूस चांगलाच असेल अशी आपली उगीच एक समजूत असते. तशी ती नसावी. आणि माणूस वाईट होता म्हणून त्याचा त्रिकोण फिरायचा थांबत नाही, हेही खरं. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवूनच पुढे जावं लागतं.

१९५१ मध्ये एनएसयू या मोटरसायकली बनवणाऱ्या कंपनीने त्याला हाताशी धरलं. १ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याचं इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर फिरलं. पेटंटपासून मोजलं तर अठ्ठावीस वर्षं! वांकेलच्या त्या इंजिनात आतला त्रिकोण आणि बाहेरचं घर, दोन्ही फिरत असत. एनएसयूतल्याच हान्स डीटर पाश्के नावाच्या इंजिनिअरने घर स्थिर ठेवून फक्त त्रिकोण फिरवला आणि इंजिन वापरण्याजोगं सोपं झालं. वांकेलला तो बदल आवडला नव्हता. पण पुढे जगभर गेलं ते पाश्केने सोपं केलेलंच. नाव मात्र वांकेलचं राहिलं. असो.

१९६७ मध्ये एनएसयूने आरओ ८० नावाची अप्रतिम गाडी काढली. पुढच्या वर्षी तिला युरोपातला 'कार ऑफ द इयर' किताब मिळाला. आणि मग गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू झाल्या. टोकांच्या पट्ट्या झिजत होत्या, इंजिनं बसत होती. कंपनी हमीपोटी नवी इंजिनं बसवून देता देता थकली. १९६९ मध्ये फोक्सवॅगनने तिला ऑडीत विलीन करून घेतलं. बोटभर पट्टीने एक अख्खी कंपनी गिळली म्हणायची!

आता जपानला जाऊ, कारण कथेचा खरा नायक माझ्या मते तिथे आहे.

हिरोशिमाच्या कडेला तोयो कोग्यो नावाचा कारखाना होता. तीन चाकी मालवाहू गाड्या बनवायचा. तीच पुढची माझदा. ६ ऑगस्ट १९४५ ला शहरावर अणुबॉम्ब पडला तेव्हा स्फोटाच्या जागेपासून सुमारे पाच किलोमीटर दूर आणि टेकडीच्या आड असल्याने हा कारखाना वाचला. शहरात सरकारी कचेऱ्याच उरल्या नव्हत्या, म्हणून वर्षभर प्रांताचा कारभार या कारखान्याच्या इमारतीतून चालला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे तीन चाकी गाड्या पुन्हा बनू लागल्या. या कारखान्यात १९४६ मध्ये केनिची यामामोटो नावाचा एक तरुण नोकरीला लागला. टोकियोच्या विद्यापीठाचा इंजिनिअर, पण काम मिळालं ते गिअरबॉक्स जोडणाऱ्या कामगाराचं. त्या दिवसांत मिळेल ते काम करायचं, एवढंच होतं.

१९६० च्या सुमारास जपान सरकारच्या मनात आलं की छोट्या मोटार कंपन्या मोठ्यांत विलीन कराव्यात. मालक त्सुनेजी मात्सुदा यांना कळून चुकलं की आपल्याकडे दुसऱ्या कुणाकडे नाही असं काही असेल, तरच आपण टिकू. ते जर्मनीला गेले आणि एनएसयूशी करार करून रोटरीचा परवाना घेऊन आले. परवाना हाती आला, त्याबरोबर इंजिनाचे रोगही आले. घराच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठायचे. जपानी इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. धूर तर इतका निघायचा की पाहणाऱ्याने नाक दाबावं.

एप्रिल १९६३ मध्ये रोटरीसाठी वेगळा विभाग निघाला. यामामोटो त्याचे प्रमुख आणि एकूण माणसं सत्तेचाळीस. जपानी माणसाला हा आकडा ऐकला की धन्यासाठी प्राण देणारे सत्तेचाळीस सामुराई आठवतात. त्यामुळे या विभागालाही तेच नाव पडलं. त्यांनी पट्टीचे कितीतरी प्रकार करून पाहिले. शेवटी उलगडा झाला की पट्टी नुसती घासत नाही, ती थरथरते. तंबोऱ्याची तार छेडली की तिचा एक ठरावीक सूर असतो ना, तसा त्या पट्टीचाही एक स्वतःचा कंप होता आणि त्या कंपात ती भिंतीवर आपटत चालत होती. मग पट्टीला आडवी-उभी पोकळी पाडून तो सूर बदलला, ओरखडे थांबले. विक्रीच्या गाडीसाठी त्यांनी कार्बन आणि अॅल्युमिनियम यांच्या मिश्रणाची पट्टी तयार केली. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आली, आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत न्युरबुर्गरिंगला झालेल्या चौऱ्याऐंशी तासांच्या शर्यतीत तिने चौथा क्रमांक मिळवला. यामामोटो पुढे १९८४ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. २०१७ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले.

वांकेलच्या कल्पनेला जो धातू हवा होता, तो असा तिसऱ्याच देशात, कल्पनेनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी सापडला.

आता कथेचा दुसरा धागा, म्हणजे टर्बो. ही कल्पना आणखी जुनी आहे. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावचे आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंजिनातून जो तापलेला धूर बाहेर पडतो त्यात बरीच शक्ती फुकट जाते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या धुरावर एक छोटं चाक फिरवायचं. त्याच आसाच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक बसवायचं आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. चुलीच्या धुरावरच चालणारी फुंकणी म्हणा ना! चूल पेटेल तसा धूर वाढेल, धूर वाढेल तशी फुंकणी जोरात चालेल, फुंकणी चालेल तशी चूल आणखी पेटेल.

पण धुराच्या चाकाला सोसवेल असा धातू तेव्हा कुठे होता? ब्यूखींना वीस वर्षं झगडावं लागलं. १९२० च्या दशकाच्या मध्यावर 'प्रॉयसन' आणि 'हान्सेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना त्यांच्या पद्धतीचे टर्बो लागले आणि १७५० अश्वशक्तीची इंजिनं २५०० अश्वशक्ती देऊ लागली. टर्बोची सुरुवात डिझेलपासून झाली, हा योगायोग नव्हे. डिझेल इंजिन गरजेपेक्षा जास्त हवा घेतं आणि आतल्या जाळाला पुष्कळ पसरू देतं, म्हणून त्याचा धूर पेट्रोलच्या मानाने थंड असतो. थंड म्हणजे सातशे-आठशे अंश सेल्सिअस बरं का! पेट्रोलचा धूर हजार अंशांच्या आसपास जातो. हे दोनशे अंश लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यांच्यावरच अडणार आहे.

हे दोन धागे एकदा एकाच गाडीत भेटले, तो प्रसंग मला फार आवडला. मर्सिडीज-बेंझने १९६९ मध्ये सी १११ नावाची एक नारिंगी रंगाची प्रायोगिक गाडी दाखवली. तिच्यात तीन रोटरचं वांकेल इंजिन होतं, पुढच्या वर्षी चार रोटरचं आलं. लोक कोरे धनादेश घेऊन मागे लागले होते असं सांगतात. पण गाडी कधी विकली गेली नाही. रोटरीची तेलाची भूक मोठी, आणि १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं. मग त्याच गाडीत १९७६ साली मर्सिडीजने पाच सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन बसवलं, टॅक्सीला लावतात त्या घराण्यातलं. इटलीतल्या नार्दोच्या गोल धावपट्टीवर तिने वेगाचे विक्रम केले. १९७८ मध्ये तिच्या पुढच्या अवताराने ताशी तीनशे किलोमीटरच्या वर सरासरी राखली. रोटरीसाठी घडवलेल्या घरात डिझेल राहायला आलं आणि त्याने घराचं नाव काढलं! त्याच वर्षी मर्सिडीजची टर्बो डिझेल गाडी अमेरिकेत विकायला आली.

त्या तेलसंकटाने माझदाही जवळजवळ बुडाली होती. सुमितोमो बँकेने हात दिला, १९७९ मध्ये फोर्डने पाव हिस्सा घेतला. पण त्यांनी रोटरी सोडली नाही. १९७८ मध्ये आरएक्स-७ आली आणि १९८२ मध्ये कॉस्मोमध्ये टर्बो लावलेलं रोटरी इंजिन आलं. बाजारात आलेलं ते तसलं पहिलंच. रोटरीला टर्बो शोभतो कारण तिच्यात झडप नाही. धुराचं दार एकदम उघडतं आणि तापलेला झोत थेट चाकावर आदळतो. जी उष्णता फुकट जाते म्हणून रोटरीला नावं ठेवली, तीच टर्बोची शिदोरी झाली.

पण टर्बोचीही एक खोड आहे. चाक मोठं घेतलं तर इंजिन वेगात असताना छान, पण हळू असताना त्याला फिरवायला धूरच पुरत नाही. पाय दाबला की गाडी क्षणभर विचार करते आणि मग उसळते. चाक लहान घेतलं तर लगेच फिरतं, पण वेगात असताना धुराला वाट अपुरी पडते. यावर जगाने दोन उपाय काढले.

पहिला माझदाचा. १९९० च्या युनोस कॉस्मोत आणि १९९१ च्या शेवटी आलेल्या आरएक्स-७ मध्ये त्यांनी दोन टर्बो बसवले. हळू असताना एकच चालतो, वेग वाढला की दुसरा सामील होतो. ऐकायला सोपं, पण ते साधायला नळ्या, झडपा आणि कळा यांचं असं जंजाळ झालं की ती गाडी दुरुस्त करणारे लोक अजून त्या नळ्यांच्या नावाने बोटं मोडतात.

दुसरा उपाय डिझेलवाल्यांचा. एकच चाक ठेवायचं आणि त्याच्याभोवती हलणाऱ्या पात्यांची रिंग बसवायची. बागेला पाणी घालताना धार कमी असेल तर आपण रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबतो. पाणी तेवढंच, पण लांब जातं. धूर कमी असेल तेव्हा पाती मिटायची, म्हणजे झोत जोरात चाकावर पडतो. धूर वाढला की पाती उघडायची. हाच तो आकार बदलणारा टर्बो. आपल्याकडच्या कितीतरी डिझेल गाड्यांच्या पाठीवर 'व्हीजीटी' ही अक्षरं असतात, ती याचीच. १९९० च्या दशकापासून डिझेल गाड्यांत तो इतका रुळला की नंतर कुणाला त्याचं अप्रूपही उरलं नाही.

पेट्रोलला मात्र तो सहजी लागेना. कारण तेच दोनशे अंश. हजार अंशाच्या झोतात नाजूक पाती आणि त्यांच्या खुंट्या अडकून बसत. प्रयत्न झाले. होंडाने १९८० च्या दशकाच्या शेवटी लेजंड गाडीत असा टर्बो दिला, अमेरिकेत शेल्बीने १९८९ मध्ये पाचशे गाड्या काढल्या, पण ते तेवढ्यावरच राहिलं. २००६ मध्ये पोर्शेने बोर्गवॉर्नर कंपनीबरोबर काम करून ९११ टर्बोमध्ये तो बसवला, तेव्हा पात्यांसाठी विमानांच्या आणि अंतराळाच्या कामातली, उष्णता सोसणारी मिश्रधातू वापरावी लागली. पुढे फोक्सवॅगनने दुसरीच वाट धरली. त्यांनी पात्यांचा धातू महाग करण्याऐवजी इंजिनाचा धूरच थंड राहील अशी व्यवस्था केली. घर तापतंय तर पत्रा बदला किंवा चूल मंद करा, तिसरा मार्ग नाही.

आता हौशी लोकांच्या उद्योगाकडे येऊ. अमेरिकेत २००७ पासून डॉज रॅम ट्रकवर ६.७ लिटरचं कमिन्स डिझेल इंजिन येऊ लागलं आणि त्यावर होल्सेटचा आकार बदलणारा टर्बो. जुन्या ट्रकचे असे टर्बो भंगारात मिळू लागल्यावर लोकांच्या डोक्यात ते रोटरीला लावायची कल्पना आली. ट्रकचा अवजड टर्बो छोट्याशा रोटरीला कसा काय चालेल? मी पाटीवर हिशेब मांडून पाहिला. ६.७ लिटरचं ट्रकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेतं, म्हणजे फेरीला ३.३५ लिटर. मिनिटाला तीन हजार फेरे धरले तर दहा हजार लिटरच्या थोडं वर. माझदाचं १३बी रोटरी फक्त १.३ लिटरचं, पण ते प्रत्येक फेरीला तेवढी हवा घेतं आणि मिनिटाला आठ हजार फेरे सहज मारतं. गुणाकार केला तर तेही दहा हजार लिटरच्या थोडं वर! सावकाश चालणारा हत्ती आणि पळणारा घोडा दिवसाकाठी तेवढाच चारा खातात म्हणायचं. नातवाला हा हिशेब दाखवला तेव्हा त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं.

तेव्हा माप जमतं. अडतं ते दुसरीकडे. होल्सेटच्या या टर्बोत एकेक पातं फिरत नाही, पात्यांची अख्खी रिंग मागेपुढे सरकते आणि वाट अरुंद-रुंद होते. भाग कमी, म्हणून तो फिरत्या पात्यांपेक्षा दणकट. तरी तो डिझेलच्या उष्णतेसाठी घडवलाय आणि रोटरी तर पेट्रोलहूनही तापट. शिवाय रोटरी टोकांच्या पट्ट्यांसाठी थोडं तेल मुद्दाम जाळते, त्याची काजळी सरकत्या रिंगवर बसते.

सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. वाट अरुंद केली की धूर मागे तुंबतो. डिझेलला त्याचं फारसं वावडं नाही. उलट ट्रकमध्ये तोच तुंबारा ब्रेकसारखा वापरतात. पण माझदाच्या टर्बो रोटरीत धुराचं दार आणि हवेचं दार काही क्षण एकाच वेळी उघडं असतं. तुंबलेला तापलेला धूर तिथून नव्या हवेत शिरतो, मिश्रण ठिणगीच्या आधीच किंवा वेडंवाकडं पेटतं आणि तो धक्का बसतो नेमका टोकाच्या पट्टीला. ज्या पट्टीपायी एनएसयू गेली, यामामोटोंच्या माणसांनी वर्षं घालवली, तीच पट्टी! म्हणून ज्यांना हा प्रयोग जमतो ते रिंग कधीच पूर्ण मिटू देत नाहीत. धुराच्या नळीतला दाब आणि उष्णता मोजत राहतात, आणि ट्रकच्या संगणकाऐवजी स्वतः लिहिलेल्या आज्ञांवर रिंग हलवतात. तेव्हा नातवाच्या मित्रांना माझं उत्तर असं, की बसतो, पण दोघांची तापण्याची रीत वेगळी आहे हे विसरलात तर टिकत नाही.

या सगळ्यातून मला जे उमगलं ते सांगून थांबतो. ब्यूखींची कल्पना १९०५ ची, वांकेलची १९२९ ची. दोन्ही कल्पना एका माणसाच्या एका क्षणाच्या. पण ती कल्पना सोसेल असा धातू घडवायला दहा-वीस-चाळीस वर्षं लागली आणि ती ज्यांची गेली त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. सत्तेचाळीसांतलं आपल्याला एक नाव ठाऊक आहे, उरलेले सेहेचाळीस कोण? १९९१ मध्ये माझदाची ७८७बी ही चार रोटरची गाडी फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. जपानी गाडीने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्या इंजिनाला टर्बो नव्हता, पण टोकांच्या पट्ट्या सिरॅमिकच्या होत्या. आणि २०२३ मध्ये माझदाने एमएक्स-३० या विजेच्या गाडीत बॅटरी भरण्यापुरती एका रोटरची छोटी मोटर बसवली, तेव्हाही त्यांनी पहिली दुरुस्ती कसली केली? टोकाची पट्टी २ मिलिमीटरची होती, ती २.५ मिलिमीटर केली. साठ वर्षांनंतर अर्धा मिलिमीटर!

आपण मुलांना शोधकर्त्यांच्या गोष्टी सांगतो, सांगायलाच हव्यात. पण त्यांच्याबरोबर त्या अर्ध्या मिलिमीटरची गोष्टही सांगायला हवी. एरवी मुलांना वाटेल की डोक्यात दिवा लागला की काम झालं. दिवा लागणं सोपं असतं. तो विझू नये म्हणून आयुष्यभर काच पुसत बसणारा माणूस मिळणं कठीण.

आपल्या वाचकांत कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत, पुण्याच्या कारखान्यांत हयात घालवलेले काही जण आहेत, आमच्या नात्यातलेही आहेत. त्यांनी धातूला काय काय सोसायला लावलं आणि त्यापायी स्वतः काय काय सोसलं, ते जरूर लिहून कळवावं. ते वाचायला मला या लेखापेक्षाही जास्त आवडेल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.